पणजीत सिनेमा-नाटकाच्या वेळा सांभाळून जेवायचं कुठे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोल्हापूरहून तुम्ही, यजमान आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे तिघं नोव्हेंबरच्या शेवटी चार दिवस पणजीला येताय. हॉटेल १८ जून रस्त्याजवळ घेतलंय. दिवसा आयनॉक्समध्ये चित्रपट महोत्सव आणि एका संध्याकाळी कला अकादमीत मराठी नाटक. तुम्हा दोघांना गोव्याचे मासे खायचेत, सासूबाई पक्क्या शाकाहारी आहेत आणि त्यांना फार चालवत नाही. तर हॉटेल आणि थिएटर यांच्या जवळपास जेवायला कुठे जावं?

ताई, जागांची नावं पुढे सांगतोच, पण त्याआधी वेळ ठरवा. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी करा. संध्याकाळच्या खेळाआधी पोटाला आधार होईल इतपत खा. खेळ सुटल्यावर मात्र हॉटेलच्या अगदी जवळ जे चांगलं मिळेल ते घ्या, लांब जाऊ नका. बाहेरगावच्या नाटकमंडळींची आणि पाहुण्यांची जेवणाखाण्याची व्यवस्था मी बरीच वर्षं पणजीत बघतोय. पाहुणे नाराज होतात ते बहुतेक एकाच कारणाने: रात्री दहाला नाटक सुटतं, तिथून गाडी करून कुठल्यातरी नावाजलेल्या ठिकाणी पोचतात आणि स्वयंपाकघर बंद व्हायच्या बेतात असतं.

यामागे पणजीचं रोजचं वेळापत्रक आहे. इथे दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते तीन-साडेतीन. मग बहुतेक चांगल्या खानावळी आणि रेस्टॉरंटं बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा उघडतात. रात्रीची शेवटची ऑर्डर साडेदहाच्या आसपास, कुठे त्याहीआधी. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानंसुद्धा बंद असतात. मुंबई-पुण्याच्या सवयीने दुपारी चारला पोटभर जेवायला निघालात तर हाती फक्त चहा-भजी लागेल. दुसरं असं की मासळी सकाळी बाजारात येते आणि सकाळीच खानावळीत पोचते. दुपारच्या थाळीत जी विविधता असते ती रात्री उरत नाही. रात्रीच्या मेन्यूवर तंदुरी, चायनीज आणि पनीर जास्त, घरगुती हुमण (माशांची नारळाची आमटी) कमी. गोव्याचं जेवण खरोखर खायचं असेल तर ते भर दुपारी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता नकाशा. चर्चच्या पायऱ्या आणि त्यासमोरची बाग हे पणजीचं एक टोक धरा. तिथून १८ जून रस्ता पश्चिमेकडे जातो. त्याला साधारण समांतर, मांडवीच्या काठाने, दयानंद बांदोडकर मार्ग. याच मार्गावर जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आहे आणि तिच्या आवारात आयनॉक्स. महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो, आणि हे मल्टिप्लेक्स त्याच्यासाठीच तेव्हा उभं राहिलं. तिथून नदीकाठाने पुढे दहा-बारा मिनिटं चाललं की कांपालला कला अकादमी. तुमच्या हॉटेलपासून आयनॉक्स दहा-पंधरा मिनिटं, हळू चाललात तर वीस. म्हणजे तुम्हा दोघांना सगळं पायी जमेल. सासूबाईंना आयनॉक्सपर्यंतसुद्धा गाडी करा आणि चालण्याची ताकद सिनेमानंतरसाठी राखून ठेवा.

गाडीबद्दल दोन गोष्टी. ओला-उबर इथे चालत नाहीत. गोवामाइल्सचं अॅप कोल्हापुरातच फोनवर घालून या. रिक्षा थोड्या आहेत आणि भाडं आधी ठरवूनच बसायचं. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. एकट्या माणसाला झटपट जायला उत्तम, सासूबाईंसाठी अर्थातच नाही. आणि बांदोडकर मार्गावर कॅसिनोच्या बोटींकडे जाणाऱ्यांची गर्दी संध्याकाळपासून वाढत जाते, शनिवार-रविवारी तर विचारू नका. कांपालहून गाडीने पणजीच्या मध्यावर यायला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागल्याचं मी पाहिलंय. म्हणून खेळ आणि जेवण यांच्यामध्ये गाडीचा प्रवास येईल अशी आखणी शक्यतो टाळा.

दुपारच्या माशांच्या जेवणासाठी तुमच्या हॉटेलच्या सर्वांत जवळ १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक. पणजीतली नोकरदार माणसं, वकील, दुकानदार, पर्यटक सगळे तिथे फिश थाळीसाठी येतात आणि एक वाजता दारात उभं राहावं लागतं. सव्वाबाराला पोचा. जागा पहिल्या मजल्यावर आहे, हे सासूबाईंच्या दृष्टीने लक्षात असू द्या. दुसरं ठिकाण कोकणी कँटीन, दादा वैद्य रस्त्यावर, महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला. इथे जरा निवांत बसता येतं आणि घरगुती वळणाचे पदार्थ मिळतात. तिसरं आनंदाश्रम, ३१ जानेवारी रस्त्यावर. लहानशी जागा, साधी बाकं-टेबलं आणि सारस्वत घरात शिजतं तसं हुमण. नुसतं बघून कुणी आत शिरणार नाही, पण मी पाहुण्यांना नेतो ते बहुतेकदा तिथेच. मात्र हे तुमच्या हॉटेलपासून शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. सिनेमांच्या मधल्या सुट्टीत ते धरू नका, मोकळ्या दुपारी जा.

थाळी मागवताना थोडं बघून घ्या. थाळीत भात, हुमण, एखादी भाजी, तिसऱ्यांचं किंवा कोळंबीचं काहीतरी, किसमूर (सुक्या सोड्यांचं तोंडी लावणं), सोलकढी आणि एक तळलेला तुकडा येतो. त्या तुकड्याचा मासा कोणता, हे आधी विचारा. बांगडा असला तर थाळी स्वस्त पडते, सुरमईची महाग. इथे सुरमईला विसवण किंवा इसवण म्हणतात, नाव ऐकून गोंधळू नका. पापलेट, चणक, मोठी कोळंबी असलं काही वेगळं मागवलंत तर मेन्यूवर पुष्कळदा किंमत नसते, आकाराप्रमाणे लावतात. मासा डोळ्यांनी बघायचा, रक्कम विचारायची आणि मगच ‘तळा’ म्हणायचं. यात संकोच करू नका. इथली माणसंही तसंच करतात, कुणाला राग येत नाही. नोव्हेंबरात बांगडा चांगला असतो. तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण किंवा उड्डामेथी (उडीद-मेथी घातलेली आमटी) त्या दिवशी असेल तर पापलेटचा आग्रह सोडा आणि तेच घ्या. रव्यातली मुडदुशी मिळाली तर तुमचं नशीब. काटे बारीक असतात, पण चवीला तिच्यासारखा मासा नाही.

सोमवारी इथल्या बऱ्याच हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, आणि काही जण मार्गशीर्षातले गुरुवारही पाळतात. त्या दिवशी माशांच्या खानावळीत जागा जरा लवकर मिळते. रविवारचं उलट. १८ जून रस्त्यावरची बरीच दुकानं बंद असतात आणि काही खानावळीही. आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आता सासूबाई. तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण चार दिवस त्यांना ‘तुमच्यासाठी व्हेज पुलाव सांगू?’ एवढंच ऐकावं लागलं तर त्यांचा पणजीवरचा जीवच उडेल. माशांच्या ठिकाणीही शाकाहारी थाळी मिळते. पण तिथे भाज्यांना दुय्यम स्थान असतं, आणि तळणीची कढई किंवा रव्याच्या तुकड्यांचा तवा एकच असू शकतो. त्यांना ते चालणार आहे का, हे तुम्ही घरूनच ठरवून या, टेबलावर बसल्यावर वाद नको. चालत असेल तर वाढणाऱ्याला बसताबसताच सांगा: ‘यांच्या ताटात किसमूर नको, हुमण नको, डाळ द्या.’ किसमूर म्हणजे सुक्या सोड्यांचा चिवडा, दिसायला खोबऱ्याच्या चटणीसारखा. नवख्या शाकाहारी माणसाच्या तोंडात तो हमखास जातो. सोलकढी सहसा निर्धास्त असते, तरी विचारून घेतलेलं बरं.

चालत नसेल तर दुपारी सरळ शाकाहारी ठिकाणी जा. चर्चसमोरच्या बागेजवळ कामत आहे, इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. तुमच्याच रस्त्यावर फिदाल्गो हॉटेल आहे आणि त्याच्या भोजन या रेस्टॉरंटात शाकाहारी थाळी वाढतात. बसायला आरामशीर, आवाज कमी आणि वयस्क माणसाला घाई न करणारी जागा. तुम्ही तिघं रोज एकाच ताटावर बसलं पाहिजे असं कुठे आहे? एक दिवस सासूबाईंना जेवू घालून दुपारच्या झोपेसाठी खोलीवर सोडा आणि तुम्ही दोघं रिट्झला जा. दुसऱ्या दिवशी तिघं मिळून शाकाहारी. त्यांना हॉटेलवर एकटं बसणं आवडत नसेल तर अर्थात गोष्ट वेगळी.

पण सासूबाईंना गोव्याची खरी चव द्यायची तर ती सकाळच्या भाजी-पावात आहे. पणजीतला नाश्ता म्हणजे भाजी-पाव: पातळ भाजी, सुकी भाजी, टोमॅटोची भाजी, अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) किंवा मुगाची उसळ, सोबत मिरची-भजी आणि गोडसर बन. दोन भाज्या एकत्र करून ‘मिक्स’ मागायचीही पद्धत आहे. जुन्या सिने नॅशनलजवळचं कॅफे भोसले यासाठी प्रसिद्ध आहे. सकाळी आठच्या सुमाराला गेलात तर पाव ताजा आणि टेबल रिकामं. सासूबाईंना पोई (इथला गोल पाव) मिळाली तर जरूर खायला घाला, कोंड्याची असते आणि पोटाला हलकी. महोत्सवात सकाळचा पहिला सिनेमा नऊच्या आसपास असतो, तेव्हा हॉटेलच्या फुकट नाश्त्याची वाट बघत बसण्यापेक्षा हे लवकर उरकतं. खतखतं हा इथला सणासुदीचा शाकाहारी पदार्थ, अनेक भाज्यांचा आणि तिरफळाच्या वासाचा. तो रोज कुठे मिळत नाही, पण एखाद्या ठिकाणच्या फळ्यावर दिसला तर सोडू नका.

महोत्सवाच्या दिवसाची आखणी अशी करा. सकाळी नऊचा सिनेमा साडेअकराच्या आत सुटतो. पुढचा लगेच बाराचा धरू नका, अडीचनंतरचा धरा. मधल्या वेळात पायी किंवा गाडीने १८ जून रस्त्यावर या, नीट जेवा आणि अर्धा तास पडा. तीन सिनेमे सलग बघायचे आणि आवारातल्या स्टॉलवर उभ्याउभ्या काहीतरी खायचं, असं पहिल्या दिवशी उत्साहाने होतं. पण चार दिवस तसं केलं तर तुम्हालाच झेपणार नाही, सासूबाईंची गोष्टच सोडा. महोत्सवाच्या दिवसांत आयनॉक्सच्या आवारात खाण्याचे स्टॉल असतात. चहा, सँडविच, एखादा रोल यापुरते ते ठीक. सिनेमाला वीस मिनिटं आधी रांगेत असावं लागतं, सुरू झाल्यावर आत सोडतीलच असं नाही, आणि बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. ही वीस मिनिटं जेवणाच्या वेळेतून वजा करूनच हिशेब मांडा.

एक सूचना तिकीट काढतानाची. महोत्सवाचे काही सिनेमे पर्वरीच्या आयनॉक्समध्येही असतात. ते मांडवीच्या पलीकडे आहे आणि रस्त्याच्या कामामुळे तिथे वाहतूक तुंबते. वेळापत्रकात थिएटरचं नाव वाचूनच जागा आरक्षित करा. पर्वरीचा सिनेमा आणि पणजीतलं दुपारचं जेवण एकाच तुकड्यात बसवू नका. तिथे गेलातच तर जेवण तिथेच उरकून या.

नाटकाची संध्याकाळ वेगळी आखायची. समजा प्रयोग सातचा आहे. दुपारी व्यवस्थित जेवून विश्रांती घेतलेली असली की पाच-साडेपाचला थोडं खाऊन निघा. सासूबाईंना भाजी-पाव, इडली किंवा उपमा, तुम्हाला बेकरीतलं काहीतरी. बागेसमोर मिस्टर बेकर ही जुनी बेकरी आहे. पॅटिस, केक आणि बेबिंका (थरांचा गोवेकरी गोड पदार्थ) तिथे मिळतो. बेबिंका जड असतो, नाटकाआधी खाऊ नका, खोलीवर नेऊन ठेवा. मग सव्वासहापर्यंत कांपालला पोचा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, नदीकाठी बसायला त्यानंतरचा अर्धा तास फार सुंदर असतो. कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांची आहे. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात शिरण्याआधी तिचं मधलं खुलं आवार आणि भिंतींवरची फसवी चित्रं सासूबाईंना दाखवा. मध्यंतरात चहाच्या खिडकीवर झुंबड उडते. त्यांना पाणी आणि एखादं बिस्कीट पर्समध्ये घेऊन जा, म्हणजे रांगेत उभं राहायला नको. औषधं जेवणाच्या वेळेला बांधलेली असतील तर डॉक्टरांना ही वेळ आधीच विचारून ठेवा.

नाटक सव्वानऊ-साडेनऊला सुटेल. बाहेर पडणाऱ्यांची गर्दी, गाडी मिळेपर्यंतचा वेळ आणि रस्ता धरून हॉटेलवर दहा वाजतील. इथे दोन मार्ग आहेत. एक, दुपारीच तुमच्या हॉटेलच्या किंवा शेजारच्या रेस्टॉरंटच्या माणसाला भेटून शेवटच्या ऑर्डरची वेळ विचारायची आणि रात्रीचं जेवण आधीच सांगून ठेवायचं. डाळ-भात, एखादी भाजी आणि दही एवढं सांगितलंत की तो काढून ठेवतो. आमच्या नाटकमंडळींसाठी मी असंच करतो. कलाकार मेकअप उतरवून निघेपर्यंत आणखी उशीर होतो, पण आधी सांगितलेलं जेवण कधी नाकारलं गेलेलं नाही. ‘किती वाजेपर्यंत उघडं असतं?’ असं विचारू नका, ‘शेवटची ऑर्डर किती वाजता घेता?’ असं विचारा. दार अकरापर्यंत उघडं असलं तरी चूल साडेदहाला विझते.

दुसरा मार्ग तुम्हा दोघांसाठी: रोस ऑम्लेटचा गाडा. संध्याकाळी अंधार पडला की पणजीत ठिकठिकाणी गाडे लागतात. ऑम्लेटवर कांदा-कोथिंबीर घालून वर शागुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातल्या कोंबडीचा) गरम रस्सा ओततात, सोबत पाव. कोंबडीच्या रश्श्यात बुडालेलं हे ऑम्लेट रात्री साडेनऊ-दहाला, तीन तास खुर्चीत बसून आल्यावर जे सुख देतं ते कुठल्याही एसी रेस्टॉरंटात मिळणार नाही. जिथे गिऱ्हाईक सतत येतंय आणि रस्सा उकळताना दिसतोय तोच गाडा निवडा. त्याच गाड्यावर चोरीस-पावही असतो, तो डुकराच्या मांसाचा, हे माहीत असू द्या. सासूबाईंना तिथे काही नाही. त्यांचं आधी सांगितलेलं जेवण हॉटेलवर, मग तुम्ही दोघं खाली उतरा.

नदीकाठाने आणखी पश्चिमेला, मिरामारला मम्स किचन आहे. जुन्या गोमंतकीय घरांतल्या पाककृती तिथे मिळतात आणि मला ते मनापासून आवडतं. पण ते निवांत बसून जेवायचं ठिकाण आहे, दरही त्याच बेताचे. ज्या संध्याकाळी खेळ नसेल ती त्याच्यासाठी ठेवा आणि टेबल आधी सांगा.

फोंताईन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीचंही तसंच. विवा पणजी आणि व्हेनिते ही दोन्ही त्याच भागात, जुन्या घरांत. विवा पणजीला गोमंतकीय ख्रिस्ती पद्धतीचं जेवण मिळतं: काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी), शागुती, रेशाद या लाल मसाल्यातला मासा. व्हेनिते वरच्या मजल्यावर आहे आणि लाकडी जिना अरुंद, सासूबाईंना नेऊ नका. या भागातल्या रस्त्यांवर सकाळी आठ-नऊच्या उन्हात फिरणं रात्रीपेक्षा चांगलं. तिथल्या ३१ जानेवारी कन्फेतारियात काहीतरी गोड घ्या. लोक राहतात ती घरं आहेत, फोटो काढताना दारात उभं राहू नका.

बिलाबद्दल थोडं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटात जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. तिघांच्या चार दिवसांच्या जेवणात हा फरक जाणवतो. सेवा शुल्क लावलं असेल तर ते देणं तुमच्या मर्जीवर आहे. काढायला सांगितलं तर काढावं लागतं. गाड्यांवर आणि लहान खानावळीत सुटे पैसे जवळ ठेवा, फोनवरचं पेमेंट सहसा चालतं पण रेंज दगा देते.

तुमच्या तारखांबद्दल एक शेवटची गोष्ट. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होते, फेस्त ३ डिसेंबरला. त्या दिवसांत पणजीहून तिकडे जाणारा रस्ता सकाळ-संध्याकाळ भरलेला असतो. जुनं गोवं बघायचं असेल तर भल्या सकाळी जाऊन बारापर्यंत परत या आणि जेवण पणजीत घ्या. नाटकाची वेळ पक्की झाली आणि सासूबाईंना एका तव्यावरचं चालतं की नाही हे कळलं, की मला लिहा. त्या दोन गोष्टींवरून तुमच्या चारही दिवसांच्या जेवणाच्या वेळा आणि जागा जुळवून देतो.